सातवा अंगठा

पहिल्या सहा अंगठ्यांत भीती नव्हती. सातव्यात होती, आणि ती इतकी होती की मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. आकडा बदलला नाही.

काचेखाली बेचाळीस वर्षांपूर्वीचे एक हक्कसोडपत्र होते. वडिलांमागे राहिलेल्या जमिनीतला आपला हिस्सा एका बहिणीने भावासाठी सोडला, असे सांगणारा सहा पानांचा दस्त. प्रत्येक पानाच्या तळाशी तिची सही आणि शेजारी अंगठ्याचा ठसा. शेवटच्या पानाच्या पाठीमागे सातवा ठसा होता. तो नोंदणी कार्यालयात, अधिकाऱ्यासमोर, ‘हा दस्त मीच लिहून दिला’ असे कबूल करताना घेतात. नावांवर काळी पट्टी चिकटवलेली होती, कारण तपासणाऱ्याला नाव कळता कामा नये असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम होता. पट्टीखालच्या ओळी मात्र उघड्या होत्या, आणि त्या अशा प्रत्येक दस्तात असतात तशाच होत्या : ‘माझ्या लग्नात मला सर्व काही मिळाले आहे. हे पत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे.’

ती राजीखुशी मोजणे हे माझे काम होते.

माणसाच्या अंगठ्यावर घामाची शेकडो छिद्रे असतात. त्या घामात क्षार असतात, मेद असतात, आणि माणूस भ्यायला असेल तर रक्तातून झिरपलेली काही संयुगेही असतात. मोकळ्या हवेत ती लवकर विरून जातात. पण जुन्या कार्यालयांतली शाई तेलकट होती. वाळताना तिचा एक पातळ पापुद्रा होई आणि त्याखाली तो घाम कोंडून राही, झाडाच्या डिंकात मुंगी अडकावी तसा. आमचे यंत्र लेसरच्या एका टिचकीने त्या पापुद्र्याचा अतिशय सूक्ष्म थर उडवते, उडालेल्या रेणूंचे वजन करते आणि भीतीचे रेणू वेगळे मोजते. ठसा उमटण्याआधीच्या अर्ध्या तासात त्या देहात काय चालले होते, ते एका आकड्यात उतरते. त्या आकड्याला भयांक म्हणतात. तीसच्या आत राजीखुशी, साठच्या वर दडपण, मधले सगळे संशयास्पद.

यंत्र आले आणि तीन वर्षांपूर्वी त्याच्या मागोमाग कायदा आला. साठच्या वर भयांक निघाला तर कितीही जुने हक्कसोडपत्र रद्द करून मागता येऊ लागले, आणि नवे हक्कसोडपत्र यंत्रासमोर अंगठा दिल्याशिवाय नोंदवले जाईना. आमच्या दारात बायकांची रांग लागली. त्यांनी यंत्राचे नाव ठेवले, अंगठाबाई.

पण भावांनीही अंगठाबाईला लवकर ओळखले. ती भीती मोजते, बाकी काही मोजत नाही, हे वकिलांच्या ध्यानात आले आणि सल्ला पसरला : बहिणीला आठ दिवस माहेरी आणा, हसवा, मग अंगठा घ्या. वर्षानुवर्षे न भेटलेले भाऊ फळांच्या पेट्या घेऊन दारात उभे राहू लागले. मी खिडकीमागे बसत असे आणि रांगेतली बोलणी माझ्यापर्यंत येत.

“भाऊ आमरसाची वाटी पुढं सरकवायला लागला, की मी पाट मागं सरकवते बाई,” एक म्हणाली होती.

“आणि तूप वाढलं तर?”

“तूप वाढलं की मी अंगठा पदरात लपवते.”

सगळ्या हसल्या होत्या. मी लाजून खिडकी लोटून घेतली होती. प्रेमाची शंका येणे ही गोष्ट इतकी सहज हसण्यावारी न्यावी, याचे मला फार वाईट वाटले होते. तेव्हा मला बहीण नसल्याचे समाधानही वाटले होते, हे इथे कबूल करायला हवे.

या दस्ताचे सहा आकडे असे होते : सात, नऊ, सहा, आठ, आठ, अकरा. इतकी निश्चिंत बाई मी क्वचितच पाहिली होती. सातव्या ठशाचा भयांक होता अठ्ठ्याऐंशी. त्यातल्या मेदांचे प्रमाणही पहिल्या सहांशी जुळत नव्हते, म्हणून यंत्राने त्याच्यापुढे छापले होते : ‘वेगळ्या व्यक्तीचा संशय. मोजणीत धरू नये.’ ठसा अर्धा फरफटलेला होता. कोणीतरी तो अंगठा आपल्या हाताने धरून दाबला असावा.

अहवालाच्या शेवटी ‘परके पदार्थ’ असा एक रकाना असतो. तो कोणी वाचत नाही. मी वाचतो, कारण मला माणसांशी बोलणे जमत नाही आणि त्यांच्याविषयी जाणून घ्यावेसे तर वाटते. पहिल्या सहा ठशांत कुंकू होते, तांदळाचा अंश होता, तुपाच्या निरांजनाची काजळी होती. कार्यालयात कोणी निरांजन लावत नाही. दस्ताची तारीख दिवाळीनंतरची होती. मी त्या वर्षीचे पंचांग काढून पाहिले. तारखेच्या चार दिवस आधी भाऊबीज होती. अक्षता चिमटीत धरलेला अंगठा पुसायच्या आतच तिच्यापुढे कागद आले असणार.

सातव्या ठशात कुंकू नव्हते. त्यात कोऱ्या साडीची खळ होती.

मग मी पहिला ठसा मोठा करून पडद्यावर घेतला. अंगठ्याच्या मधोमध चंद्रकोरीसारखा एक जुना वळ होता. अडकित्त्याचा. तो अंगठा मी कागदावर पहिल्यांदाच पाहत होतो, पण माझ्या कपाळाला त्याची ओळख होती. लहानपणी मला ताप आला की तो माझ्या भुवयांवरून फिरायचा आणि वळापाशी किंचित खरखरायचा.

तो कुमुदआत्याचा अंगठा होता. माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका बहिणीचा.

बहिणींना माहेरी आणायचा सण, नागपंचमी, सोळा दिवसांवर आला होता.

*

रविवारी मी गावी गेलो. आमचा पानमळा साडेतीन एकरांचा, नदीच्या अंगाला. आजोबांनी, म्हणजे अप्पांनी, तो स्वतः विकत घेतला, उभा केला, आणि मृत्युपत्र न करताच ते गेले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. म्हणजे कायद्याने निम्मा मळा अण्णांचा, निम्मा आत्याचा. हे गणित मी रोज परक्या बायकांना समजावून सांगत होतो. ते आमच्या घरालाही लागू पडते, असा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. का आला नाही, याचा विचार करत मी बांधावर चप्पल काढली. पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत. वेल विटाळतात म्हणतात.

आत हिरवा अंधार होता. उंच शेवरीच्या झाडांवर चढलेले वेल, मधून पाझरणारा दमट गारवा, आणि पायांखाली देवळासारखी थंड माती. अण्णा सत्तरी ओलांडूनही शिडीवर होते.

“या, साहेब. आज अंगठाबाईला सुट्टी का?”

“रविवार आहे, अण्णा.”

ते खाली उतरले. पानाच्या देठाशी चाळा करत त्यांनी विचारले, “किती जुनं वाचते रे ती?”

“कागद कोरडा राहिला असेल तर पन्नास वर्षांपर्यंत.”

“आणि माणूस त्या वेळी आनंदात असेल तर?”

“तर राजीखुशी.”

अण्णा हसले. “मग झालं.”

घरी आई ओसरीवर पाने मोजून त्यांच्या जुड्या, कवळ्या, बांधत होती. तिचा हात यंत्रासारखा चालतो, पान चाचपते, फिरवते, रचते. अण्णांनी हातपाय धुतले आणि टॉवेल खांद्यावर टाकत जाहीर केले, “या पंचमीला कुमुदला आणायची. आठ दिवस ठेवायची. अंगणात झोका बांधू. प्रणीत, तिला काय आवडतं रे? दिंडं?”

“तिनं अर्ज केलाय ना?” आई खाली मान घालून म्हणाली. “नोटीस आलीय म्हणालात.”

“म्हणूनच तर आणायची.” अण्णांच्या आवाजात राग नव्हता. “बहीण रुसलीय, भाऊ समजूत काढतोय. यात काय वाकडं आहे? हसतखेळत नवा कागद करून देईल. वकील म्हणाला, जुन्याचा प्रश्नच मिटतो.”

आईचा अंगठा एका पानावर थांबला. तेवढाच. मग ती पुन्हा मोजू लागली, पण आकडा चुकली, आणि तिने सगळी कवळी सोडून पहिल्यापासून सुरुवात केली. तीस वर्षांत मी तिला आकडा चुकताना पाहिले नव्हते.

निघताना अण्णांनी पानांची एक करंडी माझ्या हातात दिली. “आत्याला दे. म्हणावं, दादानं निवडून दिलीत.” आईने नेहमीप्रमाणे डबा भरून दिला. बसमध्ये मी करंडी मांडीवर घेऊन बसलो होतो. पाने खरोखरच निवडक होती. वाईट असती तर मला बरे वाटले असते.

*

आत्या आमच्या प्रयोगशाळेच्याच गावी, जिल्ह्याला, राहते, एका शिवणकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. यजमान गेल्यावर तिने तिथेच संसार आवरता घेतला. नियमाप्रमाणे मी तिला भेटायला नको होते. मी तीन दिवस तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो आणि चौथ्या दिवशी वर गेलो.

तिने करंडी पाहिली, एक पान उचलून नाकाशी नेले आणि डोळे मिटले.

“दादानं दिली?”

“हो.”

“नोटीस मिळाली वाटतं.” तिने डोळे उघडले. “ये, बस. अंगानं वाळलास. त्या मशीनपुढं बसून बसून तुझाच घाम आटलाय.”

मी सांगितले की तिचा दस्त माझ्याकडे आला आहे आणि मी हे सांगायला नको होते. तिने मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होते. मग तिने मला भाऊबीजेचा दिवस सांगितला. लग्नानंतर दोन वर्षे सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलेच नव्हते. त्या दिवाळीला दादा जीप घेऊन न्यायला आला.

“अख्ख्या रस्त्यात मी हसत होते. ओवाळतानाही हसतच होते. ताटाशेजारी कागद ठेवले होते. दादा म्हणाला, अप्पांच्या बँकेतल्या खात्याचे आहेत, वारस म्हणून तुझा अंगठा लागतो. मला वाचता येत होतं रे, सातवी झालेली मी. वाचलं नाही. ओवाळून झाल्यावर भावाचे कागद वाचत बसायचं, हे शोभतं का?”

“आणि कार्यालयात?”

“कुठल्या कार्यालयात? दुसऱ्या दिवशी तर मी सासरी परत. मी त्या कार्यालयाची पायरीसुद्धा पाहिली नाही.” ती माझ्याकडे वळली. “खरं सांग. तुझ्या मशीनमध्ये मी काय निघाले?”

मी करंडीतली पाने सारखी करू लागलो.

“आनंदात निघाले ना? मला वाटलंच. मी खरोखर आनंदात होते. आता तीच मशीन मला खोटी पाडणार.”

तिने पान पुसले, त्याला चुना लावला, पण विडा केला नाही. तसेच हातात धरून बसली.

“वयात आल्यावर मला महिन्यातले चार दिवस मळ्याच्या कुडाबाहेर उभं करायचे. लग्न झाल्यावर बारा महिने. मला तिथं काही पिकवायचं नाही, विकायचं नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं, की चप्पल काढून आत जायचंय. कोणाला न विचारता.”

“अण्णा पंचमीला न्यायला येणार आहेत.”

“फोन आला होता.”

“जाऊ नकोस.”

ती हसली, आणि ते हसू मला आजही आठवते. “तो दारात आला तर मी जाईन, प्रणीत. मला माहीत आहे मी जाईन, झोक्यावर बसेन, दिंडं खाईन आणि पुन्हा अंगठा देईन. पुन्हा तसाच आकडा येईल. तीच तर भीती आहे.”

मी उठलो तेव्हा ती सहज आठवल्यासारखे म्हणाली, “भाऊबीजेची साडी मी तिथंच विसरून आले होते. कोरी, जांभळी. संक्रांतीला दादानं पोचवली, तर घडी मोडलेली. वहिनी म्हणाली, मीच नेसून बघितली, हौस म्हणून. मी काही बोलले नाही.”

“का?”

“विचारलं असतं, तर काहीतरी उत्तर मिळालं असतं.”

*

आईचा डबा रविवारपासून तसाच पडून होता; दुसऱ्या दिवशीही मी तो धुतला नाही. त्याचे झाकण तसेच पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेले. झाकणावर तेलाचा एक अंगठा होता, ती ते दाबून बसवते तिथे. सातव्या ठशाच्या न फरफटलेल्या भागात एक रेघ तुटून तिचे लहानसे बेट झाले होते. आईच्या अंगठ्यावर त्याच जागी तेच बेट होते.

मी पडदा बंद केला. मग मुजावरमॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळे सांगून टाकले. डॉ. तबस्सुम मुजावर आमच्या प्रमुख. त्या चष्मा काढून ऐकतात, म्हणजे समोरचा माणूस त्यांना धूसर दिसतो आणि त्याला बोलणे सोपे जाते.

“प्रकरण मी माझ्याकडे घेते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आता त्याला हात लावायचा नाही. झाकण घेऊन जा, ते पुरावा नाही. पुढचं नीट ऐका. सातवा ठसा फरफटलेला आहे, तो परका असल्याचा नुसता संशय आहे, म्हणून आज मोजणीत नाही. सहा ठसे राजीखुशी सांगतात. म्हणजे दस्त टिकतो. सातवा कोणाचा आहे हे सिद्ध झालं, तरच तो तोतया ठरतो आणि दस्त मुळापासून रद्द होतो. त्यासाठी ज्या बाईचा अंगठा आहे तिनं स्वतः येऊन तो द्यायला हवा.”

“आणि तिचं काय होईल?”

“गुन्हा आहे तो. वय पाहतील, कबुली पाहतील. माफच करतील असं मी सांगणार नाही.” त्यांनी चष्मा लावला. मी त्यांना स्पष्ट दिसू लागलो. “तुम्ही तिला आणू नका. सांगण्यापलीकडे काही करू नका. मुलानं पुढं केलेला अंगठा कोर्टात पहिल्यांदा संशयाचा होतो.”

पंचमीला सहा दिवस राहिले होते.

*

मी दुपारी घरी पोचलो. अण्णा पाने घेऊन बाजारात गेले होते. मळ्याकडून दोरखंड आणून ओसरीत टाकलेले दिसले. झोक्याची तयारी. आई निजली होती. मी चूल पेटवून… म्हणजे गॅस पेटवून, पण आमच्या घरात अजून तसेच म्हणतात, चहा ठेवला. आले किसून घातले, तिला आवडते तसे. कप तिच्या उशाशी नेऊन ठेवला.

ती उठून बसली. कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“हे काय? मला काय सोडून द्यायला लावणार आहेस?”

सतरा वेळा जुळवलेली वाक्ये होती, सगळी विस्कटली. मी फक्त म्हणालो, “जांभळी साडी.”

आईने कप खाली ठेवला. बाहेर कोणी आहे का, हे तिने मान वळवून पाहिले. बेचाळीस वर्षांत ती सवय गेली नव्हती.

“कुमुदला कळलंय?”

“तिनं विचारलेलं नाही.”

“ती विचारणारच नाही. तशीच आहे ती.” तिने पदराने हात पुसले, कोरडेच होते तरी. “लग्नाला दुसरं वर्ष होतं माझं. तुझे अण्णा म्हणाले, एवढं एकदा ये, कुमुद परत गेली, तारीख चुकेल. तिची साडी नेसवली. दस्ताला तिचा फोटो लावला होता, पुसट, डोक्यावर पदर घेतलेला. कारकुनानं विचारलं, कुमुदिनी तुम्हीच ना? मी मान हलवली. तोंडानं काही बोलले नाही. अंगठा पुढं होईना, तर यांनीच धरून दाबला.”

“तुला माहीत होतं कशाचा कागद आहे?”

“माहीत नसतं तर भ्याले कशाला असते?” ती जवळजवळ ओरडली, आणि मग आवाज खाली आला. “त्याच्या आदल्या वर्षी मी माझ्या माहेरी अंगठा दिला होता. माझ्या हिश्शाचा. भावानं पेढे आणले होते. मी हसत होते. तुझ्या मशीनमध्ये घातला तर पाच निघेल, नाहीतर सहा. स्वतःचं सोडताना मला काही वाटलं नाही. दुसरीचं सोडताना जीव गेला.”

चहा निवत होता. मी तिला मुजावरमॅडम म्हणाल्या ते सगळे सांगितले, गुन्ह्यासकट. काही वगळले नाही. तरीही सांगताना मी स्वतःलाच ऐकत होतो आणि माझ्या आवाजातली मऊ काळजी मला ओळखीची वाटली. बहिणींना न्यायला आलेले भाऊ खिडकीबाहेर ज्या आवाजात बोलतात, तोच तो आवाज.

“तुला नको असेल तर…” मी म्हणालो.

“तू परत जा,” आई म्हणाली. “मी येईन की नाही ते तुला सांगणार नाही. न्यायला येऊ नकोस. फोन करू नकोस. आणि हा चहा घेऊन जा.”

*

पंचमीच्या दोन दिवस आधी, सकाळी साडेदहाला, आई आमच्या दारातल्या रांगेत उभी होती. एसटीने आली होती, एकटी. अंगावर रोजची विरलेली साडी. रांगेतल्या बायकांशी ती काहीतरी बोलत होती आणि त्यांपैकी एकीने तिला आपल्या पुढे जागा दिली. मी खिडकीतून पाहत राहिलो. नियमाने मला बाहेर येता येत नव्हते, आणि नियम नसता तरी मी गेलो असतो का, कोण जाणे.

मुजावरमॅडमनी तिचा अंगठा घेतला. जुळणी नीट व्हावी म्हणून तसलीच जुनी तेलकट शाई काढली होती. आईचा हात कोणी धरला नाही. तिनेच तो कागदावर टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि उचलला.

बेट जागच्या जागी होते. सातवा अंगठा कोणाचा, हे सिद्ध झाले. दस्त संपला.

पण यंत्राला अर्धवट काम माहीत नाही. त्याने भयांकही छापला. शहाऐंशी.

मी काचेपलीकडून तो आकडा वाचला. बेचाळीस वर्षांपूर्वी, परक्या साडीत, परक्या नावाने, कोणीतरी हात धरला असताना अठ्ठ्याऐंशी. आज, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पायांनी येऊन शहाऐंशी. या दोन आकड्यांमधला फरक यंत्राला सांगता येत नव्हता. माझ्या आयुष्याची पाच वर्षे मी त्याच्यापुढे घालवली होती.

मॅडमनी मला आत बोलावले. साठच्या वरच्या प्रत्येक ठशासोबत एक अर्ज जोडावा लागतो. त्यात एक रकाना असतो : ‘दडपण आणणाऱ्या व्यक्तीचे नाव’. तो कोरा ठेवला तर ठसा स्वीकारला जात नाही.

“मी भरू शकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “यांनीच भरायचा. चष्मा विसरल्यात. त्या सांगतील ते घरच्या माणसानं लिहिलं तर चालतं.”

मी पेन घेऊन आईसमोर बसलो. तिचा निळा अंगठा टेबलावर, इतर बोटांपासून दूर, उभा होता.

“काय विचारतात त्यात?”

“तुला कोणी भीती घातली ते.”

“आज?”

“आज.”

तिने विचार केला. घाई केली नाही. पाने मोजताना करते तसा ओठांशी काही हिशेब केला.

“माझं नाव लिही. मीच मला पहाटे उठवलं, मीच मला एसटीत बसवलं. वाटेत दोनदा उतरत होते, मीच मला खाली दाबून बसवलं.”

मी लिहिले : मालन जयवंत. अक्षर वाकडे आले.

“अण्णांना सांगितलंस?”

“निघताना सांगितलं. म्हणाले, डोकं फिरलंय का तुझं. मग माझी एक चप्पल सापडत नव्हती, ती पलंगाखालून काढून दिली.” तिने पायांतल्या चपलेकडे पाहिले. “का दिली असेल, तेच कळत नाही मला. येईपर्यंत तोच विचार करत होते.”

तिच्या नावापुढे रकान्यात थोडी जागा उरली होती. मला तो कप आठवला, किसलेले आले आठवले. मी तिथे माझेही नाव लिहिले. मॅडमनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

त्यांनी शाई पुसायला स्पिरिटचा बोळा पुढे केला. आईने मूठ मिटली.

“राहू दे. आधी कुमुदला दाखवते. पुसायचा की नाही ते तिनं सांगावं.”

तिने मला पत्ता विचारला. मी सांगितला, सोबत येतो म्हणालो नाही. खिडकीतून ती रस्ता ओलांडताना दिसली. साडी नवी नव्हती, तरी शाई लागू नये म्हणून अंगठा अंगापासून लांब धरून ती शिवणकामाच्या दुकानाच्या दिशेने चालली होती.